वर्षाची चटणी डंकावर: मंगळवार पेठेतील एका कांडप गिरणीचा दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या एप्रिलमध्ये कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील एका कांडप गिरणीत, म्हणजे डंक नावाच्या मुसळांच्या यंत्रावर मिरची-मसाला कुटून देणाऱ्या गिरणीत, मी ३ किलो मिरचीची चटणी कुटून घेतली. गिरणीच्या काट्यावर ती ७ किलो १०० ग्रॅम भरली आणि मिरचीच्या खरेदीपासून कांडपाच्या मजुरीपर्यंत सगळा खर्च २,५४४ रुपये आला. आम्ही पाच माणसे गेले दहा महिने रोज तीच चटणी खात आहोत. कुटून आणल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणतीही चटणी चांगलीच लागते; तिचा रंग टिकतो का, वास उडतो का, पावसाळ्यात ती दगा देते का, हे दिवाळी उलटल्यावरच कळते. त्यामुळे गिरणीविषयी लिहायला मी मुद्दाम फेब्रुवारीपर्यंत थांबले.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा करते. आमच्याकडे 'चटणी' म्हणजे ताटात डावीकडे वाढायचा पदार्थ एवढाच अर्थ नसतो. आमटीत, उसळीत, रश्शात, भरल्या वांग्यात जे तिखट पडते, त्या कांदा-लसूण घातलेल्या वर्षभराच्या मसाल्यालाच आम्ही चटणी म्हणतो. 'भाजीत चटणी किती टाकलीस?' असा प्रश्न इथल्या स्वयंपाकघरात रोज ऐकू येतो. साधारण मार्च ते मे या काळात पेठांमधून फिरले, तर गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास यांवरून कोणाच्या घरी चटणीचे काम निघाले आहे, ते न विचारता समजते.

आमच्या घराची परिस्थिती सांगितल्याशिवाय पुढचा हिशेब नीट कळणार नाही. माझे यजमान शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत काम करतात, मी घरी शिवणकाम करते. सासूबाई आणि दोन शाळकरी मुले धरून आम्ही पाच जण आहोत. किराणा, भाजी, दूध आणि तेल मिळून महिन्याचा खर्च ८,००० रुपयांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे आणि ते पाळतोही. प्राधान्य कुटुंबांना रेशनवर माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते आणि २०२३ पासून ते मोफत आहे, त्यामुळे भात आणि चपातीची काळजी पुष्कळशी मिटली आहे. परंतु धान्य घरात आले म्हणजे जेवण झाले असे होत नाही. त्या भातावर घालायला काय, आणि मुले ते आवडीने खातील का, हा प्रश्न उरतोच. कमी पैशांच्या स्वयंपाकात कडधान्य, डाळ, पीठ आणि हंगामात स्वस्त झालेली भाजी एवढाच ऐवज असतो. तोच आठवडाभर फिरवून वाढायचा असेल, तर त्यात पडणारा मसाला खणखणीत असावा लागतो. आधीची दोन वर्षे शिवणाच्या गडबडीत मी घरची चटणी केली नव्हती. २०० ग्रॅमची तयार पाकिटे आणत होते. त्या दोन वर्षांत वाण्याचे बिलही वाढले आणि मुलांच्या ताटात भाजीही उरू लागली, म्हणून गेल्या वर्षी पुन्हा डंकाकडे वळले.

ही गिरणी म्हणजे दहा बाय पंधराची एक खोली आहे. एका बाजूला दळपाची साधी चक्की आणि दुसऱ्या बाजूला चार लोखंडी मुसळांचा डंक. विजेच्या मोटारीवर दांडा फिरतो, त्याबरोबर मुसळे आळीपाळीने वर उचलली जातात आणि स्वतःच्या वजनाने खालच्या उखळात पडतात. उखळापाशी बसलेली बाई चटणी खालीवर करत राहते, अधूनमधून ती काढून चाळणीवर टाकते आणि चाळणीत राहिलेला जाडसर भाग पुन्हा उखळात लोटते. मिरची, मसाला आणि शेवटी कांदा-लसूण असे तीन टप्पे असतात. शेवटच्या टप्प्यात कांद्यातले तेल आणि लसणाचा ओलावा चटणीत मुरतो आणि तिला तो ओलसर, बोटांनी दाबली तर गोळा होईल असा पोत येतो. चक्कीवर दळलेली पूड कितीही बारीक असली तरी हा पोत तिला येत नाही.

कांडप महाग आणि दळप स्वस्त, मग डंकाचा आग्रह कशासाठी, असे मला शेजारच्या एका नवविवाहित मुलीने विचारले होते. चक्कीत दोन दगडांच्या घर्षणाने मिरची तापते. दळण हातात घेतले तर ते चांगलेच गरम लागते. मसाल्याचा वास ज्या तेलांमध्ये असतो ती तेले उष्णतेने उडतात आणि मिरचीचा रंगही मंदावतो. डंकात ठोका पडतो, घासणे कमी होते, त्यामुळे चटणी कोमट राहते. शिवाय खोबरे, तीळ आणि तळलेला कांदा असा तेलकट माल चक्कीच्या पाळ्यांना चिकटतो, तेव्हा कांदा-लसणाची चटणी चक्कीवर होतच नाही. सासूबाईंच्या तरुणपणी हीच चटणी घरच्या उखळात, दोघी-तिघींनी मिळून मुसळाने कुटली जात असे. तीन दिवस चालणाऱ्या त्या कामानंतर हाताची आग आठवडाभर जात नसे, असे त्या सांगतात.

मिरची मी लक्ष्मीपुरीच्या बाजारातून घेतली. गिरणीवरही मिरची विकायला ठेवलेली असते आणि ती घेतली तर येण्याजाण्याचा त्रास वाचतो. पण मला ती किलोमागे ३० ते ४० रुपयांनी महाग वाटली आणि देठेही जास्त दिसली. ब्याडगी दीड किलो, संकेश्वरी एक किलो आणि लवंगी अर्धा किलो असे प्रमाण मी धरले. ब्याडगी ही कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाची मिरची आहे. तिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती लांब, सुरकुतलेली आणि गडद लाल असते. तिखटपणा बेताचा असून रंग मात्र भरपूर देते. रश्शावर जी लाल तर्री तरंगते, ती मुख्यतः हिचीच देणगी. संकेश्वरी बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरच्या नावाने ओळखली जाते आणि आपल्या गडहिंग्लजच्या बाजारातही तिचे सौदे होतात. रंग, वास आणि तिखट या तिन्हींचा मेळ तिच्यात असतो, पण अस्सल जवारी, म्हणजे गावरान वाणाच्या, संकेश्वरीचा भाव आमच्या आवाक्याबाहेर जातो. मला ३५० रुपये किलोने मिळालेली मिरची निव्वळ जवारी असेल असे मी समजत नाही. वास चांगला होता, एवढे खात्रीने सांगते. लवंगी केवळ तिखटपणासाठी असते. मिरची घेताना मी मूठभर हातात घेऊन दाबून पाहते. नीट वाळलेली मिरची कडकन मोडते आणि हलवली की आतले बी वाजते. पांढुरकी पडलेली किंवा देठाजवळ काळी झालेली मिरची कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण ती भिजलेली असते आणि तिच्यात बुरशीचा अंश असू शकतो. वर्षभर पाच माणसांच्या पोटात जाणाऱ्या जिनसेत ही काटकसर करण्यासारखी नाही.

मसाल्याच्या बाबतीत मात्र काटकसरीला जागा आहे. ३ किलो मिरचीला धने पाऊण किलो, सुके खोबरे पाऊण किलो, तीळ ३०० ग्रॅम, जिरे १५० ग्रॅम, कांदा २ किलो, लसूण अर्धा किलो, आले पाव किलोला थोडे कमी, कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणि मीठ ६०० ग्रॅम घेतले. खसखस सासूबाईंच्या प्रमाणात १५० ग्रॅम होती, ती मी ५० ग्रॅमवर आणली आणि तिच्या बदल्यात तीळ थोडे वाढवले. चवीतला फरक त्यांनाही ओळखता आला नाही. लवंग, मिरे, दालचिनी, मसाला वेलदोडा, दगडफूल, नाकेसर, चक्रीफूल, जायपत्री, तमालपत्र, शहाजिरे, मेथी, हळकुंड आणि हिंगाचा खडा असा सगळा गरम मसाला मिळून ३०० ग्रॅम होता. हिरवी वेलची पूर्णपणे वगळली, कारण रोजच्या आमटीत तिचा उपयोग नाही. दगडफूल कमी करण्याचा मोह मात्र टाळावा. ते वजनाला हलके असते, थोडक्या पैशांत पुष्कळ येते आणि आपल्या रश्श्याचा जो ओळखीचा वास आहे तो त्याच्याशिवाय येत नाही.

मिरच्या देठे काढून तीन दिवस उन्हात घातल्या, मसाला एकेक जिन्नस वेगवेगळा भाजला आणि कांदा उभा चिरून, एक दिवस उन्हात सुकवून मग तेलात कुरकुरीत होईपर्यंत तळला. कांद्याचे हे काम घाईत करू नये. तो आतून मऊ राहिला तर पाणी धरतो आणि चटणी जुलै-ऑगस्टमध्येच बिघडते.

गिरणीविषयी माझे मत ज्या गोष्टीने चांगले झाले ती पहिल्याच दिवशी घडली. मी सकाळी नऊ वाजता मिरच्यांची पिशवी घेऊन गेले, नंबर लावला, आणि माझी पाळी आली तेव्हा गिरणीच्या मालकीणबाईंनी दोन-तीन मिरच्या मोडून पाहिल्या. त्या म्हणाल्या, "वैनी, ब्याडगी अजून कडक न्हाई झाली. आज कुटली तर उखळात चिकटंल आणि चाळणीतनं निम्मी परत येईल. उद्याचं ऊन द्या आणि परवा या, नंबर तुमचाच पहिला धरते." समोर वीसेक पिशव्या रांगेत असताना आणि माझे पैसे घेऊन काम उरकणे सहज शक्य असताना त्यांनी मला परत पाठवले. त्या वेळी मला एका दिवसाचे शिवण बुडाल्याचा राग आला होता, पण परवा गेले तेव्हा खरोखरच माझा नंबर पहिला होता आणि मिरची एका तासात चाळून झाली.

पहिला नंबर मिळण्याचा आणखी एक अर्थ असतो, तो नवीन ग्राहकांनी समजून घ्यावा. उखळात आधीच्या माणसाची चटणी थोडीफार राहतेच. तुमच्या आधी कोणी निव्वळ लवंगी कुटली असेल, किंवा त्यांची मिरची निकृष्ट असेल, तर तिचा अंश तुमच्या चटणीत येतो. या गिरणीत प्रत्येक नंबरानंतर कुंच्याने उखळ झाडतात, पण ते मला पुरेसे वाटत नाही. पहिला नंबर मिळाला नाही तर आपल्यातलेच पसाभर भाजलेले धने आधी कुटायला सांगावेत आणि ते बाजूला काढून ठेवावेत. उखळातला जुना माल त्यांच्याबरोबर निघून येतो. तसे सांगितल्यावर तिथे कोणी तोंड वाकडे केले नाही, मात्र आपणहून कोणी ते सुचवतही नाही.

वजनाच्या बाबतीत व्यवहार स्वच्छ आहे. सगळा माल आत जाताना ७ किलो २५० ग्रॅम होता आणि बाहेर येताना ७ किलो १०० ग्रॅम. दीडशे ग्रॅमची तूट उडालेल्या पुडीची आणि उखळाला लागलेल्या तेलकट थराची असते, ती मान्य करावी लागते. काटा ग्राहकाच्या समोर आहे आणि दोन्ही वेळा वजन मोठ्याने वाचून दाखवतात. मजुरी किलोला ६० रुपये आहे. ती आत जाणाऱ्या वजनावर घेतात, हे मात्र फलकावर लिहिलेले नाही. फरक माझ्या बाबतीत अवघा ९ रुपयांचा होता, तरीही दर कसा लावणार ते आधी सांगणे योग्य झाले असते. पावती देत नाहीत, मागितली तर कागदाच्या चिठ्ठीवर आकडा लिहून देतात.

उणिवा आणखीही आहेत आणि त्या लहान नाहीत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून तिथे इतकी गर्दी होते, की नंबर दुपारपर्यंत येईल की दुसऱ्या दिवशी, हे कोणीच सांगू शकत नाही. आणि आपली चटणी डोळ्यांदेखत कुटून घ्यायची असेल तर तिथून हलता येत नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला हा एक दिवस परवडत नाही. बसायला एकच बाकडे आहे. हवा खेळती राहावी असा पंखा भिंतीत बसवलेला आहे, पण मी गेले त्या दोन्ही दिवशी तो बंद होता आणि मिरचीच्या खकाण्याने सगळ्यांना ठसका लागत होता. आम्ही दोन तासांनी घरी येतो. उखळापाशी बसणाऱ्या बायका तीन महिने तोंडाला नुसता पदर बांधून तो खकाणा सोसतात. त्यांना चांगले मास्क देणे आणि पंखा चालू ठेवणे हे गिरणीचे कर्तव्य आहे, आणि किलोमागे दोन रुपये जास्त द्यावे लागले तरी माझ्यासारखी ग्राहक ते देईल.

आता पैशांचे पाहू. मिरचीचे ९१० रुपये झाले, धने-खोबरे-तीळ-जिरे-खसखस यांचे ५३९, गरम मसाल्याचे ४००, कांदा-लसूण-आले-कोथिंबिरीचे १७०, मीठ आणि तेलाचे ९० आणि कांडपाचे ४३५. म्हणजे किलोला सुमारे ३५८ रुपये पडले. भाजण्या-तळण्याच्या गॅसचा हिशेब यात धरलेला नाही. सर्वांत जास्त टोचले ते खोबऱ्याने, ३२० रुपये किलोने घ्यावे लागले. आमच्या घरी दिवसाला साधारण २० ग्रॅम चटणी लागते, तेव्हा रोजचा खर्च ७ रुपयांच्या थोडा वर जातो. मी आणत असलेले २०० ग्रॅमचे पाकीट ११० रुपयांचे होते, त्या हिशेबाने दिवसाला ११ रुपये होत. वर्षाला सुमारे १,४०० रुपये वाचले, हे खरे असले तरी चार-पाच दिवसांचे माझे श्रम त्यात मोजले, तर केवळ या आकड्यासाठी कोणाला डंकाची शिफारस करावी असे मला वाटत नाही.

खरी बचत कढईत होते, आणि ती पाकिटाच्या किमतीशी तुलना करून दिसत नाही. बाजारातल्या ज्या पाकिटांवर मी दोन वर्षे काढली, त्यांत मिरची आणि मीठ पुढे असे आणि खोबरे-तीळ नावापुरते. त्यामुळे रस्सा दाट व्हायला दर वेळी कांदा-खोबऱ्याचे वेगळे वाटण लागायचे, वर गरम मसाल्याची चिमूट, मिसळीला मिसळीचा मसाला, कोंबडीला कोंबडीचा. महिन्याला ७०-८० रुपयांची ही किरकोळ पाकिटे कधी हिशेबात आलीच नव्हती. डंकावरच्या चटणीत खोबरे, तीळ, तळलेला कांदा आणि मसाला सगळे आधीच कुटलेले असते. तेलात लसूण तडतडला की गॅस बारीक करून चटणी टाकायची, ती करपू नये म्हणून लगेच दोन चमचे पाणी शिंपडायचे, तेल सुटेपर्यंत परतायची आणि मग उकळते पाणी ओतायचे. वाटण न करताही आमटीला अंग येते. वाटणाचा कांदा, खोबरे आणि ते परतायला लागणारा वेळ व गॅस रोजच्या रोज वाचतो.

उदाहरणादाखल आमचे बुधवारचे रात्रीचे जेवण घ्या. अख्खा मसूर पाव किलो, २४ रुपयांचा. दोन कांदे, तेल आणि २० ग्रॅम चटणी धरून भाजी ४२ रुपयांत होते. ८५० ग्रॅम ज्वारीच्या दहा भाकऱ्या दळणासह ४५ रुपयांच्या. नव्वद रुपयांच्या आत पाच माणसे पोटभर जेवतात आणि सकाळी डब्याला वाटीभर मसूर उरतो. हाच मसूर मी पाकिटातल्या तिखटाने करत असे तेव्हा थोरला मुलगा भाकरीबरोबर दूध मागायचा. आता तो कढईचा खरवड पुसून खातो. मटकीला मोड आणून उसळ केली, की वरचा कट वेगळा काढून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी त्यात पाणी व थोडी चटणी वाढवून पावाबरोबर देते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पिठले दोनदा होते. डाळीचे पीठ पाण्यात कालवून फोडणीत सोडायच्या आधी अर्धा चमचा चटणी टाकली, तर पिठल्याला जो लालसर रंग आणि लसणाचा वास येतो, त्याने पीठ-पाण्याचा गरीबपणा जाणवत नाही. थंडीत कपिलतीर्थ मंडईत वांगी उतरतात, तेव्हा शेंगदाण्याचे कूट आणि ही चटणी एवढेच सारण भरून मी किलोभर वांगी एकदम करते. शनिवारी सकाळी काहीच नसले तर ताटात चटणीचा छोटा ढीग, मधे खळगा, त्यात कच्चे शेंगतेल आणि गरम भाकरी. सासूबाई ते जेवण इतर कोणत्याही भाजीपेक्षा आवडीने जेवतात.

रविवारी मटण आमच्या घरी आता सणासुदीलाच येते. महिन्यातून दोनदा अर्धा किलो कोंबडी आणते आणि तिचा तांबडा रस्सा पाच माणसांना पुरेल इतका करते. मधल्या रविवारी सहा अंड्यांवर भागते. अंडी उकडून, सोलून, सुरीने चिरा देऊन रश्शात सोडली, की रस्सा आतपर्यंत मुरतो. रश्श्याचा भुरका मारून भातावर भात घेतला जातो, तुकडे किती वाट्याला आले हे कोणी मोजत नाही. थोड्या मांसात भरपूर रस्सा करण्याची ही रीत हॉटेलांच्या ताटांमुळे जगाला माहीत झाली असली, तरी मला ती मुळात भरल्या घरातल्या बायकांची सोय वाटते, आणि ती सोय चटणीच्या जोरावरच चालते.

साठवणीच्या बाबतीत माझी एक चूक झाली, ती सांगते, म्हणजे इतरांचे नुकसान टळेल. चटणी तीन बरण्यांत भरली, प्रत्येकीत हिंगाचा खडा घातला आणि दाबून, वर मीठ पसरून झाकण लावले. रोजच्या वापराची छोटी बरणी मात्र शेगडीशेजारी ठेवली आणि जुलैच्या ओल्या दिवसांत घाईने तिच्यात ओला चमचा गेला. आठ दिवसांत वरच्या थरावर पांढरी बुरशी दिसली. वरवरची काढून उरलेली वापरावी, असे मनात आले होते, पण बुरशीचा अंश डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा खोल गेलेला असतो, म्हणून ती सुमारे २०० ग्रॅम चटणी टाकून दिली. मोठ्या दोन बरण्या मी कोरड्या फळीवर, फडक्याने तोंड बांधून ठेवल्या होत्या. त्या पंचगंगेला पाणी चढले त्या दमट आठवड्यांतही तशाच राहिल्या. रंग आज एप्रिलइतका उजळ नाही, पण वास उतरलेला नाही. फ्रीजमध्ये जागा असेल त्यांनी पावसाळ्यापुरती छोटी बरणी आत ठेवावी.

ही सेवा प्रत्येकाला सोयीची आहे, असे मी म्हणणार नाही. ज्यांच्याकडे मिरची वाळवायला गच्ची किंवा अंगण नाही, जे दोघेच राहतात, किंवा ज्यांना एका महिन्यात अडीच हजार रुपये बाजूला काढणे अशक्य आहे, त्यांना पाव-अर्धा किलो सुटी कांडपाची चटणी घेणे बरे. गिरणीवर स्वतःची तयार चटणीही विकायला असते. मी शेजारणीकडची चाखली, मीठ जास्त आहे, पण पाकिटापेक्षा निश्चित चांगली. एकरकमी पैशांची अडचण आम्हालाही होती. ती मी अशी सोडवली: जानेवारीत धने-जिरे, फेब्रुवारीत गरम मसाला, मार्चमध्ये खोबरे-तीळ आणि आवक वाढल्यावर मार्चअखेर मिरची, असे दर महिन्याच्या किराण्यातच थोडे थोडे घेत गेले. आमच्या गल्लीतल्या तिघींनी मिळून मिरचीचे एकच मोठे पोते लक्ष्मीपुरीतून घेतले आणि वाटून घेतले, तेव्हा त्यांना माझ्यापेक्षा स्वस्त पडले. या वर्षी मीही त्यांच्यात सामील होणार आहे.

आज तिसऱ्या बरणीत पाऊण किलोच्या आसपास चटणी उरली आहे, ती मार्चअखेरपर्यंत पुरेल. धने आणि जिरे याच महिन्यात आणून ठेवले आहेत. धाकटीला अजून तिखट सोसत नाही, म्हणून या खेपेला लवंगी पाव किलोवर आणणार आहे आणि तेवढी ब्याडगी वाढवणार आहे. गर्दी टाळण्यासाठी मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच, मंगळवारी सकाळी गिरणी उघडायच्या वेळी नंबर लावायचा विचार आहे. मालकीणबाईंना पंखा चालू ठेवायला सांगायचे, हे मी तेव्हा विसरणार नाही.